राळेगाव तालुक्यातून समुद्राचा नकाशा: प्रकल्प नोंदी, मे ते ऑक्टोबर 2023

2 मे 2023

काम सुरू. समुद्राच्या पृष्ठभागाचं उपग्रहांनी मोजलेलं तापमान रोज नकाशावर, मराठीत, गावातल्या साध्या मोबाइलवर उघडेल असं द्यायचं.

समुद्र इथून, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावातून, कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे कॉलेजातल्या सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न साहजिक होता: कोरडवाहू तालुक्याला समुद्राचं काय? त्याचं उत्तर सध्या कृषी केंद्राच्या काउंटरवर मिळतं. बियाण्याची चौकशी सुरू झाली आहे आणि नेमकं आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर प्रशांत महासागराचं एक लालभडक चित्र फिरतंय, खाली लिहिलंय 'यंदा दुष्काळ'. चित्रावर तारीख नाही. रंगांची पट्टी कापून टाकलेली. कशाच्या तुलनेत लाल, याचा पत्ता नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तेवढ्यावर पेरा निम्म्यावर आणायचं मनात घेतलंय.

ते चित्र खोटं असेलच असं नाही. पण त्याला काही विचारता येत नाही. आम्हाला असा नकाशा हवा, ज्यावर बोट ठेवलं की तो सांगेल: किती, कोणत्या दिवसाचं, कशापेक्षा जास्त.

हवामान खात्याचा 11 एप्रिलचा पावसाचा अंदाज देशासाठी सरासरीच्या 96 टक्क्यांचा आहे आणि एल निनोची शक्यताही त्याच अंदाजात सांगितली आहे; एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचा मधला आणि पूर्वेचा पट्टा नेहमीपेक्षा तापणं, अशा वर्षी आपल्याकडे पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. अंदाज वाचलेला माणूस मला गावात अजून भेटला नाही. चित्र सगळ्यांकडे आहे.

6 मे

विदा, म्हणजे डेटा, कुठली घ्यायची यावर आजचा दिवस. तीन पर्याय टेबलावर होते.

अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा ओआयएसएसटी संच: रोजचा, पाव अंशाची चौकट, म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे 28 किलोमीटर. उपग्रहाच्या इन्फ्रारेड मोजमापाला जहाजं, बोया आणि समुद्रात सोडलेल्या आर्गो तरंगकांच्या नोंदींची जोड. सुरुवात 1 सप्टेंबर 1981.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा एमयूआर संच: एक शतांश अंशाची चौकट, फार देखणा, पण जून 2002 पासूनचा, आणि जगाची एका दिवसाची फाइल शेकडो एमबींची.

तिसरा आपला इन्सॅट उपग्रह. इन्सॅट-3डी 2013 मध्ये गेला, 3डीआर 2016 मध्ये; त्यांची उत्पादनं अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोझडॅक संकेतस्थळावर मिळतात. भूस्थिर कक्षेतून हिंदी महासागराकडे सतत नजर, हे त्याचं बळ. प्रशांतचा मधला पट्टा मात्र त्याच्या टप्प्याबाहेर.

ओआयएसएसटी पक्का केला. कारण तांत्रिक कमी आणि माणसांचं जास्त आहे. इथल्या शेतकऱ्याला 2002 आठवतं, 2009 आठवतं. ज्या वर्षी वावरात काय झालं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय, त्या वर्षाचा समुद्र त्याला उघडून बघता आला पाहिजे. बारीक चौकटीपेक्षा चाळीस वर्षं मोलाची.

एक मर्यादा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवते. इन्फ्रारेडला समुद्राची फक्त वरची कातडी दिसते, मिलिमीटरचाही अगदी छोटा भाग. आणि ढगाखालचं काहीच दिसत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र दिवसेंदिवस ढगाखाली असतो. तिथली चौकट आजूबाजूच्या आणि आधीच्या मोजमापांवरून भरलेली असते. ओआयएसएसटीच्या फाइलमध्ये म्हणूनच प्रत्येक चौकटीच्या त्रुटीचा अंदाज वेगळा दिलेला असतो. तो आकडाही लोकांपर्यंत गेला पाहिजे.

13 मे

फाइल आतून पाहिली. 1440 गुणिले 720, म्हणजे 10,36,800 चौकटी. तापमान शंभरपट करून पूर्णांकात ठेवलेलं: 2847 म्हणजे 28.47 अंश. जमिनीवर मोजमाप नाही म्हणून तिथे -999. ही खूण सॉफ्टवेअरला आधी सांगितली नाही, तर तेही शंभराने भागलं जातं आणि सगळ्या जमिनीवर -9.99 अंश उमटतं. बाहेर पारा चढलेला आणि पडद्यावर विदर्भ गोठलेला! मुलांना मुद्दाम तसं करून दाखवलं. न मोजलेली जागा आणि थंड जागा यातला फरक नकाशानं कधीही गिळू नये, हे त्यांना यापुढे सांगावं लागणार नाही.

रेखांश 0 ते 360 असे आहेत. नेहमीचे वेब नकाशे ग्रीनिच मधोमध ठेवतात, त्यात प्रशांत महासागर कडेला चिरला जातो. पेरू डाव्या टोकाला, इंडोनेशिया उजव्या. आम्हाला तर बघायचंय ते पूर्वेकडचं वारं मंदावलं की पश्चिमेचं गरम पाणी पेरूच्या बाजूला कसं सरकतं ते. म्हणून खिडकी ठरवली 30 पूर्वपासून 290 पर्यंत: आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत एकसंध पाणी, आणि वर भारत. आपल्या पावसाचा समुद्र एका नजरेत.

20 मे

सेवा उभी राहिली. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर मॅपसर्व्हर हे नकाशे वाटणारं सॉफ्टवेअर, त्यातून डब्ल्यूएमएस.

मुलांना जे सांगितलं ते इथेही लिहिते, पुढे काम हाती घेणाऱ्याला लागेल. डब्ल्यूएमएस म्हणजे नकाशा मागण्याची ठरलेली रीत. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियमनं ती 2000 साली आणली. मागणारा पत्त्यातच सांगतो की कुठला थर, कुठला आयत, कुठली तारीख, किती रुंद चित्र. सर्व्हर तेवढंच चित्र बनवून देतो. रीत सगळीकडे एकच असल्यामुळे आमचा थर आमच्या पानात दिसतो, तसाच क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसतो, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाच्या पानातही आम्हाला न विचारता दिसू शकतो. इस्रोचं भुवन किंवा नासाची जीआयबीएस सेवा याच कुळातल्या रितींनी नकाशे वाटतात.

त्याच रितीत आणखी एक मागणी आहे: या ठिपक्यावर काय आहे ते सांग. चित्राऐवजी आकडा परत येतो. बरीचशी संकेतस्थळं ही सोय बंद ठेवतात किंवा लपवतात. आमच्यासाठी हीच मुख्य.

दोन खाचखळगे. आवृत्ती 1.1.1 मध्ये आयत रेखांश-अक्षांश असा सांगायचा, 1.3.0 मध्ये ईपीएसजी 4326 ही अक्षांश-रेखांशांची पद्धत घेतली की अक्षांश आधी. क्रम उलटला तर सर्व्हर कुरकुर न करता भलत्याच जागेचं चित्र देतो, किंवा कोरं. म्हणून तपासणीचा बिंदू ठरवला: 15 उत्तर, 90 पूर्व, बंगालचा उपसागर. मे महिन्यात तिथे 29-30 च्या आसपास आकडा आला नाही, तर पुढे जायचं नाही.

दुसरा वेळेचा. ओआयएसएसटीची रोजची वेळ जागतिक 12 वाजता, म्हणजे आपली सायंकाळचे साडेपाच. पानावर नुसती तारीख दाखवतो, मागणीत मात्र वेळ पूर्ण लिहितो.

28 मे

रंग. यावर इतका वाद होईल असं वाटलं नव्हतं, आणि तो झाला ते बरं झालं.

नुसत्या तापमानाच्या नकाशात मे महिन्यातला बंगालचा उपसागर दर वर्षी लालच. तो 30 अंशांच्या जवळ असतोच, त्यात नवं काही नाही. नवं असतं ते सरासरीपासूनच्या फरकात. म्हणून दोन थर वेगळे ठेवले आणि दोघांचे रंग मुद्दाम वेगळे. तापमानाला फिक्या पिवळ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत. फरकाला निळा–पांढरा–तांबूस, आणि उणे अर्धा ते अधिक अर्धा अंश पूर्ण पांढरं. सरकते रंग काढून अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या पायऱ्या केल्या, म्हणजे पट्टीतला रंग आणि समुद्रातला रंग बोटानं जुळवता येतो. लाल-हिरवी जोडी कुठेच नाही. वर्गातल्या एका मुलाला ती वेगळी दिसत नाही.

डब्ल्यूएमएसमध्ये रंगपट्टी वेगळी मागावी लागते. गावात मात्र पानाचा पत्ता फिरत नाही, पानाचा फोटो फिरतो. म्हणून 'पुढे पाठवा' असं बटण केलं. ते दाबलं की जे चित्र तयार होतं त्यात तारीख, रंगपट्टी, तुलनेची वर्षं आणि 'विदा: नोआ' हे समुद्राच्या मधोमध पाण्यावरच छापलेलं असतं. कडेला ठेवलं असतं तर कुणीतरी कापलं असतं.

8 जून

मिरग आज लागला. आजच हवामान खात्यानं केरळात मान्सून आल्याचं जाहीर केलं, आणि सायंकाळी नोआनं एल निनो सुरू झाल्याचं. पान आजच खुलं केलं.

10 जून

ग्रामपंचायतीत बसलो. भिंतीवर प्रोजेक्टर, लाईन होती. पानावर निनो 3.4 चा, म्हणजे एल निनो ज्यावरून ठरवतात त्या प्रशांतच्या तुकड्याचा, आयत आखलेला आहे: विषुववृत्ताच्या पाच अंश वर, पाच अंश खाली, 170 ते 120 पश्चिम. पाव अंशाच्या 200 गुणिले 40, म्हणजे 8,000 चौकटी, त्यांच्या नेहमीपासूनच्या फरकाची सरासरी. अर्ध्या अंशाची मर्यादा ओलांडून ती तशीच टिकली की एल निनो म्हणतात.

मागच्या रांगेतून एक काकाजी उठले. "मॅडम, 97 ले लय मोठा एल निनो होता म्हणता. मंग तवा पानी काहून चांगलं पडलं?"

याच प्रश्नासाठी चाळीस वर्षांची विदा घेतली होती. 1997 उघडलं. प्रशांत तापलेला, आणि त्याच वर्षी आफ्रिकेच्या बाजूचा हिंदी महासागरही तापत गेलेला, तर सुमात्राच्या बाजूचा थंड. हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात तो हा; तो असा झुकला की आपल्या पावसाला सहसा अनुकूल असतो. देशाचा पाऊस त्या वर्षी सरासरीच्या 102 टक्के. मग 2002 उघडलं: एल निनो, आणि पाऊस 81 टक्के. 2009: 78 टक्के. मग त्यांनीच 2014 सांगितलं. त्या पावसाळ्यात एल निनो जाहीर झालेला नव्हता, तरी देशात 88 टक्केच. 2015 मध्ये द्विध्रुव अनुकूल बाजूला असूनही 86.

सभा थोडी गप्प झाली. मग एक बाई म्हणाल्या, "म्हणजे थ्या लाल डागावरून आमच्या वावरातलं सांगता येत नाही." बरोबर. शक्यता कुठल्या बाजूला झुकते तेवढं कळतं. हे आकडे देशाचे आहेत, राळेगावचे नाहीत, हेही सांगितलं.

पानाच्या माथ्यावर एक ओळ कायमची टाकली: पेरणी या नकाशावरून ठरवू नका, जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी मातीत टाकू नका.

17 जून

बिपरजॉय 15 तारखेला गुजरातेत जखाऊपाशी धडकलं. मुलांनी 5 जून आणि कालचा दिवस शेजारी ठेवले. वादळाच्या वाटेवर अरबी समुद्राचं तापमान उतरलेलं. वादळ खालचं थंड पाणी घुसळून वर आणतं, हे पुस्तकात शिकवते दर वर्षी. या वेळी मुलांनी बोट ठेवून आकडा वाचला. इकडे अजून कोरडं. धूळपेरणी केलेले आभाळाकडे बघतायत.

25 जून

मान्सून 23 ला विदर्भात आला. पेरण्या सुरू. पानाकडे कुणाचं लक्ष नाही, आणि असू नये.

5 जुलै

नेटवर्कचा प्रश्न. दुपारी लाईन गेली की टॉवरही लुळा पडतो. पान उघडायला लागणारा वेळ असह्य.

विचार केला तर कोडं सोपं आहे. विदा दिवसातून एकदाच बदलते, तर प्रत्येक मागणीला चित्र नव्यानं कशाला बनवायचं? आता रात्री एकदाच सगळे तुकडे बनवून ठेवतो, 256 गुणिले 256 ठिपक्यांचे चौकोन, आणि दिवसभर तेच वाटतो. फोन जुना तुकडा स्वतःकडे ठेवू शकतो. तो किती दिवस ठेवायचा हे विदाच सांगते: ओआयएसएसटीची ताजी फाइल तात्पुरती असते, साधारण दोन आठवड्यांनी पक्की येते. म्हणून दोन आठवड्यांआतल्या तारखेचा तुकडा एक दिवस टिकतो, त्याआधीचा वर्षभर. तात्पुरत्या दिवसांवर 'कच्चा आकडा' असा शब्द दिसतो. ज्याला सात-बाराचे कच्चे-पक्के कागद माहीत आहेत त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

ज्यांना चित्र नको, नुसते आकडे हवेत, त्यांच्यासाठी नोआच्या एर्डॅप या आकडे देणाऱ्या सेवेचा पत्ता दिला. तिथे आयत आणि तारखा पत्त्यातच लिहिल्या की तेवढाच तुकडा तक्त्यात मिळतो. दहा लाख चौकटींतून आठ हजार.

24 जुलै

22 ला जिल्ह्यात प्रचंड पाऊस. महागाव तालुक्यात आनंदनगरला माणसं पुरात अडकली, बचाव पथकं गेली. आमच्याकडे नाल्याकाठची सोयाबीन खरडून गेली. एल निनोच्या वर्षात.

विद्यार्थी आले नाहीत, पंचनाम्याला घरी थांबले. काम बंद.

12 ऑगस्ट

आमचा निनो 3.4 चा फरक अमेरिकी हवामान केंद्राच्या आठवड्याच्या तक्त्याशी जुळत नाही. आमचा जास्त येतो. विदा तीच, समुद्र तोच.

कारण पायाच्या वर्षांत आहे. ओआयएसएसटीच्या फाइलमधला फरक 1971 ते 2000 या तीस वर्षांच्या सरासरीशी काढलेला असतो. तक्त्यातला 1991 ते 2020 शी. मधल्या काळात समुद्र तापला, आणि उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर तर जगातल्या वेगानं तापणाऱ्या समुद्रांपैकी. जुना पाया घेतला की आपल्या बाजूचं पाणी बहुतेक दिवशी तांबूसच दिसतं. त्यात यंदाची हालचाल बुडून जाते.

नोआच्याच भौतिक विज्ञान प्रयोगशाळेनं 1991–2020 ची रोजची सरासरी दिलेली आहे. ती वजा करून नवा थर केला. जुना काढला नाही. चाळीस वर्षांत समुद्र किती तापला हे त्यातच दिसतं, आणि तो प्रश्नही शेतकऱ्याचाच आहे. दोन थर, दोन नावं: 'अलीकडच्या तीस वर्षांशी तुलना' आणि 'जुन्या तीस वर्षांशी तुलना'. मे महिन्यात फिरलेल्या त्या चित्राचा पाया कुठला होता, हे आजही कुणालाच सांगता येणार नाही. रंगाइतकंच पायाचं वर्ष महत्त्वाचं, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं.

30 ऑगस्ट

महिना कोरडा. सोयाबीन फुलावरून शेंगेवर येते तेव्हाच पाण्यानं पाठ फिरवली. हलक्या जमिनीतली उभी पिकं माना टाकून. मान्सूनचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला. उपसागरातून ओडिशा, छत्तीसगड मार्गे आपल्याकडे येणारी कमी दाबाची क्षेत्रंच आली नाहीत.

विद्यार्थिनीचे वडील कॉलेजात आले. पेरा त्यांनी शेवटी पूर्ण केला होता. त्यांनी मला दोष दिला नाही. फोन पुढे केला आणि विचारलं, "हे आधी दिसत होतं का?" आम्ही त्यांच्यासमोर जुलैचा शेवट उघडला. प्रशांत तापत होता, हे दिसत होतं. ऑगस्टच कोरडा जाईल, हे त्यात कुठेही नव्हतं. हिंदी महासागराचा द्विध्रुव तेव्हा नुकता कुठे हलायला लागलेला. तेवढंच सांगितलं. त्यांनी स्वतः बोट लावून चार-पाच आकडे वाचले, तारखा मागे-पुढे केल्या, आणि चहा घेऊन गेले. पाणी देऊ शकत नाही असा नकाशा घेऊन त्यांच्यासमोर बसणं जड गेलं.

20 सप्टेंबर

पोळ्याच्या सुमारास पाऊस परतला. काल ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागानं एल निनो आणि धन द्विध्रुव (1997 सारखा, पश्चिमेला गरम) दोन्ही एकदम जाहीर केले. पानावर द्विध्रुवाचे दोन आयत आखले: पश्चिमेचा 50 ते 70 पूर्व, विषुववृत्ताच्या दहा अंश वर-खाली, पूर्वेचा 90 ते 110 पूर्व, विषुववृत्त ते दहा दक्षिण. पश्चिमेच्या फरकातून पूर्वेचा वजा. 6,400 चौकटी आणि 3,200. पूर्वेच्या आयतात सुमात्राची जमीनही येते, ती गाळून सरासरी.

अक्षांशाप्रमाणे चौकट लहान होते, तो भारही लावला. दहा अंशांवर फरक दीड टक्क्याचा, पण मुलांना सवय लागावी.

3 ऑक्टोबर

हंगामाचे आकडे आले. देशाचा पाऊस 94 टक्के. जून 91, जुलै 113, ऑगस्ट 64, सप्टेंबर 113. ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा.

चार महिन्यांचे चार आकडे वेगळे छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले, शेजारी त्या-त्या महिन्याचा समुद्र. नुसतं 94 वाचलं तर वाटेल की थोडं कमी पडलं. शेंगा भरायच्या वेळी 64 होतं हे त्या 94 मध्ये दिसत नाही. काकाजींनी 2002 चाही असाच कागद मागितला. त्या वर्षी जुलै गेला होता. मुली तो करतायत.

17 ऑक्टोबर

सोयाबीन निघाली, बऱ्याच जणांची एकरी उतारी पडलेली. हरभऱ्याची तयारी.

भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी आमचा थर त्यांच्या पानात जोडून घेतला आहे. धानाच्या पट्ट्यात पाऊस उपसागरावरून येतो, म्हणून त्यांना फक्त बंगालचा उपसागर मोठा करून हवा, आणि बोट ठेवल्यावर तापमानासोबत त्रुटीचा आकडा आधी, नंतर फरक. मागणी रास्त आहे. खिडकी 80 ते 100 पूर्व, 5 ते 23 उत्तर. 80 गुणिले 72 चौकटी, त्यातली जमीन वगळून. तपासणीचा बिंदू तोच, 15 उत्तर 90 पूर्व. काम तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींकडे दिलं आहे, सर्व्हरची किल्ली त्यांच्याकडे. डिसेंबरची वादळं उपसागरात येण्याआधी थर चालू करायचा.